तैवानमधलं नाश्त्याचं दुकान आणि नूडल सूपचं हॉटेल: ऑर्डर द्यायची कशी, स्टेप बाय स्टेप

शिनचूला चिंग-ह्वा विद्यापीठात पीएचडीला आलेली पोरं, चिप कंपन्यांच्या ट्रेनिंगला येणारे इंजिनियर, ताइपेला चार दिवस फिरायला आलेली फॅमिली, सगळ्यांची पहिल्या आठवड्यातली तक्रार एकच: दुकानात जाऊन बसलो, पंधरा मिनिटं झाली, कुणी विचारायलाच आलं नाही. अहो, कुणी येणारच नाही. इथं वेटर टेबलाशी येऊन "काय देऊ" म्हणत नाही, चिठ्ठी आपण भरायची, काउंटरला नेऊन द्यायची, बऱ्याच ठिकाणी पैसे पण तिथंच आधी भरायचे आणि मग निवांत बसायचं.

दुसरी चूक जास्त जड पडते. शाकाहारी माणूस किंवा बीफ न खाणारा माणूस "मांस नको" एवढंच सांगतो आणि समोर येतो बीफच्याच रश्श्यातला नूडलचा वाडगा, फक्त वरचे तुकडे काढलेला. दुकानदाराने फसवलेलं नसतं, त्याने तुम्ही सांगितलं तेवढं नीट ऐकलेलं असतं. म्हणून खालचा क्रम पाळा, विशेषतः ३ आणि ४ नंबर घाईत वाचू नका.

## १. आधी दुकान कुठल्या जातीचं ते ओळखा

साधारण तीन प्रकार आहेत आणि तिन्हीकडे पद्धत थोडी वेगळी आहे.

पहिलं सोया दुधाचं जुन्या पद्धतीचं दुकान. सोया दूध म्हणजे दो-ज्यांग. इथं मोठी पातेली, तळणीच्या कढया, भट्टी, आणि पहाटेपासून गर्दी. पहाटे ५-५:३० ला उघडतात आणि दुपारी ११-१२ ला आवरतात, काही ठिकाणं मात्र रात्रभर चालू असतात. ताइपेतलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे फूहांग दो-ज्यांग, शानदाओ टेंपल मेट्रो स्टेशनच्या ५ नंबर एक्झिटला लागून ह्वाशान मार्केट आहे त्याच्या दुसऱ्या मजल्यावर. पहाटे ५:३० ते दुपारी १२:३०, सोमवारी बंद. रांग जिन्यावरून खाली उतरून रस्त्यावर येते, त्यामुळे शनिवार-रविवारी ९ वाजता पोचलात तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथं जाऊच नये, मागे रांग ढकलत असताना शिकता येत नाही. आधी आपल्या गल्लीतलं दुकान दोनदा करा, मग तिकडे जा.

दुसरं तव्यावरच्या नाश्त्याचं दुकान: टोस्ट, बर्गर, तव्यावरचे नूडल्स, गोड थंड दुधाचा चहा. मेई-अर-मेई नावाच्या पाट्या गावोगाव दिसतील, ते हेच. शिकायला सगळ्यात सोपं.

तिसरं नूडल सूपचं. हे साधारण सकाळी ११ ते २ आणि मग संध्याकाळी ५ ते ८.

लक्षात ठेवा: दुपारी ३ वाजता भूक लागली तर पहिलं बंद झालेलं असतं आणि तिसरं उघडलेलं नसतं. शिवाय आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, आणि चांद्र नववर्षाच्या दिवसांत बरीच छोटी दुकानं सलग बंद असतात. निघण्याआधी मॅपवर वेळ बघा.

## २. निघण्याआधीची तयारी

रोख पैसे. छोट्या दुकानात क्रेडिट कार्ड चालेल असं धरून चालू नका. भिंतीवर क्यूआर कोड दिसले तरी ते इथल्या पेमेंट अॅपचे असतात, आपलं यूपीआय तिथं लावू नका. एटीएममधून बहुतेक १००० ची नोट निघते आणि पहाटे सहाला ४० तैवानी डॉलरच्या सोया दुधासाठी ती पुढे केली की काउंटरवरची बाई गल्ला उपसत बसते, मागे लोक थांबलेले. आदल्या दिवशी सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन नोट मोडून ठेवा, १०० च्या नोटा आणि १०-५० ची नाणी हाताशी असू द्या.

टिश्यू आणि पाणी. टिश्यूचा डबा कधी टेबलावर, कधी भिंतीला, कधी नसतोच. प्यायचं पाणी तर आणून देतच नाहीत. आपलं आपण न्या.

फोन. भाषांतराच्या अॅपमध्ये चिनी डाउनलोड करताना पारंपरिक लिपी निवडा, तैवानमध्ये तीच चालते. कॅमेऱ्याने छापील मेनू बरा वाचला जातो, भिंतीवरचा हाताने लिहिलेला मात्र पार गोंधळतो. म्हणून सगळ्यात उपयोगी काम आदल्या रात्री करा: मॅपवर त्या दुकानाच्या फोटोंमध्ये लोकांनी मेनूचे फोटो टाकलेले असतात, ते घरी बसून भाषांतर करून घ्या, आपल्याला हवे ते दोन-तीन पदार्थ ठरवा आणि त्या ओळींचा स्क्रीनशॉट ठेवा. काउंटरवर अॅप उघडून शोधाशोध करायची वेळच येत नाही.

एवढे शब्द पाठ करा:

- नेइ-योंग: इथंच खाणार
- वाय-दाय: पार्सल
- वो छर् सू: मी शाकाहारी आहे
- वो बू छर् न्यू: मी बीफ खात नाही
- बू याओ: नको (पुढे ज्याचं नाव घ्याल ते नको)
- झे-गे: हे (बोट दाखवून)
- लाओ-बान: मालक. दुकानदाराला हाक मारायला हेच, यात उद्धटपणा काही नाही

उच्चाराचा भरवसा नसेल तर यातली शाकाहाराची किंवा बीफची ओळ चिनीत मोठ्या अक्षरात फोनवर सेव्ह करून ठेवा आणि दाखवा. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, उलट त्यांनाही बरं पडतं.

## ३. काय खाणार नाही ते आधी पक्कं करा

हे दुकानाबाहेर करायचं काम आहे, आत गेल्यावर होत नाही.

### बीफ नको, बाकी चालतं

तुमचं काम सोपं आहे. तैवानमध्ये शेतकरी घरांत बैल नांगराला असायचे म्हणून बीफ न खाणारी माणसं आजही आहेत, त्यामुळे "वो बू छर् न्यू" म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. पण बीफ नूडलच्या दुकानात तीन ठिकाणी फसायला होतं:

एक, मेनूवर न्यू-रोउ म्यान म्हणजे बीफ नूडल सूप, आणि त्याच्याच खाली स्वस्तातलं न्यू-रोउ थांग म्यान असतं. ते स्वस्त आहे कारण त्यात मांसाचे तुकडे नसतात. रस्सा तोच, बीफचा. लोक किंमत बघून "हे साधं असेल" म्हणून यावर खूण करतात.

दोन, टेबलावरची लाल तिखटाची बरणी. बीफ नूडलच्या दुकानांत बऱ्याचदा ते तिखट बीफच्या चरबीत केलेलं असतं. थंडीत ते वर घट्ट गोठलेलं दिसतं, त्यावरून ओळखू येतं, पण उन्हाळ्यात ओळखू येत नाही, तेव्हा विचारा नाहीतर हात लावू नका.

तीन, उकडलेल्या अंड्यापासून टोफूपर्यंत जे काही तपकिरी रंगाचं शिजवून ठेवलेलं असतं, ते मांसाच्याच मसाल्याच्या पाण्यात मुरलेलं असू शकतं.

खरं सांगायचं तर बीफ नूडल ज्याची खासियत आहे त्या दुकानात जाऊच नका, शेजारी पोर्क नाहीतर चिकनचं नूडलचं दुकान नक्की सापडतं.

### शाकाहारी

इथं "मांस नको" हे वाक्य विसरून जा. त्या वाक्याने वरचं मांस जातं, खालचा रस्सा आणि चरबी राहते. "वो छर् सू" म्हणा. या एका वाक्याने रस्सा, चरबी, सुकी कोळंबी, सगळ्याचा विचार दुकानदार स्वतः करतो आणि जमणार नसेल तर हात हलवून "नाही" म्हणतो, ते फार बरं.

हे पदार्थ शाकाहारी वाटतात पण सहसा नसतात:

- यांग-छुन म्यान, साधं पांढरं नूडल सूप. वर फक्त कांद्याची पात दिसते, पण रस्सा पोर्कच्या हाडांचा.
- थांग छिंग-त्साय, उकडलेली पालेभाजी. वरून चमचाभर खिम्याचा रस्सा ओततात. "बू याओ रोउ-झाओ" म्हणजे तो रस्सा नको. पण आधी सांगायचं, ओतल्यावर उपयोग नाही.
- श्येन दो-ज्यांग, खारं सोया दूध. तळाशी बारीक सुकी कोळंबी असते.
- फान-थ्वान, चिकट भाताचा रोल. आत पोर्कचा सुकवलेला भुगा भरतात. पुष्कळ दुकानांत याची शाकाहारी आवृत्ती असते, "सू फान-थ्वान" म्हणून मागा.
- ल्वो-बो-गाओ, मुळ्याची वडी. नुसत्या मुळ्याची आणि तांदळाच्या पिठाची असते तशी सुकी कोळंबी घातलेलीही असते, आणि भाजायला तवा तोच जिथं आत्ता बेकन परतलेलं होतं.
- शाओ-बिंग, तीळ लावलेली भट्टीतली रोटी. पापुद्रे सुटायला काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. विचारून घ्या.

निर्धास्त काय? गोड किंवा बिनसाखरेचं सोया दूध, बहुतेक ठिकाणी यो-थ्याओ (लांब तळलेली पोकळ कांडी), आणि अंडं चालत असेल तर साधं, चीजचं किंवा मक्याचं दान-बिंग. तव्यावर पातळ पारी टाकतात, त्यावर फेटलेलं अंडं, उलथन्याने गुंडाळी करून खटाखट तुकडे पाडतात आणि वरून दाट गोडसर सोया सॉस. घावनात अंडं गुंडाळल्यासारखं लागतं, आपल्या माणसांना पहिल्या घासात आवडतं. तव्याचा विटाळ ज्यांना चालत नाही त्यांनी मात्र सरळ शाकाहारी दुकान गाठावं.

शाकाहारी दुकान ओळखायचं कसं? पाटीवर स्वस्तिक शोधा, आपल्याहून उलट्या दिशेला वळलेलं. ते बौद्ध शाकाहाराचं चिन्ह आहे. तिथं खोट्या मांसाचं, सोयाचं आणि मशरूमचं, नूडल सूप मिळतं आणि ते चवीला अजिबात कमी नसतं.

चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांसाठी तैवान तर फार सोयीचं आहे. इथं पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापतात: पूर्ण शाकाहार, अंड्यासह, दुधासह, अंडं-दूध दोन्हींसह, आणि कांदा-लसूण वर्गातल्या वनस्पतींसह. पहिला प्रकार घेतला की कांदा-लसूण दोन्ही नाहीत. (कंदमूळ न खाणाऱ्यांनी मात्र बघून घ्या, मुळा आणि बटाटा त्यात चालतो.)

शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी थांबा: मी-ज्यांग नावाचं तपकिरी गोड पेय तांदूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं असतं. सोया दुधाच्या शेजारीच ठेवलेलं असतं आणि दोन्ही निम्मंनिम्मं मिसळूनही देतात.

## ४. जागा बघा, चिठ्ठी भरा

चिठ्ठी म्हणजे छापील लांबट कागद. काउंटरजवळ गठ्ठा असतो नाहीतर टेबलावर पेन्सिलीसकट. क्रम असा:

क) टेबलांवर नंबर चिकटवलेले आहेत का बघा. असतील तर आधी रिकामं टेबल धरा, नंबर वाचा आणि चिठ्ठीच्या वरच्या चौकटीत लिहा. नंबर नसतील, किंवा फूहांगसारखी रांग असेल, तर आधी ऑर्डर आणि नंतर जागा. हे उलटं केलं की हातात ट्रे घेऊन उभं राहावं लागतं.

ख) वरच दोन पर्याय असतात, इथं खाणार की पार्सल. एकावर खूण करा. हे विसरणारे सगळ्यात जास्त, आणि मग आपण टेबलावर वाट बघतोय आणि आपलं दान-बिंग पिशवीत बांधून काउंटरवर गार होतंय.

ग) पदार्थाचं नाव, किंमत, आणि शेजारी रिकामी चौकट. त्या चौकटीत किती हवेत तो आकडा लिहा, इंग्रजी आकडा, 1, 2 असा. टिकमार्क करू नका, चौघं बसलेत आणि एक टिक म्हणजे एक का चार हे त्यांनाही कळत नाही.

घ) एका पदार्थाला दोन किमती दिसल्या तर मोठा आणि लहान वाडगा. लहान घ्या. तो एका माणसाला पुरून उरतो.

ङ) नूडल्सची जाडी विचारतात: बारीक, रुंद, कधी सुरीने कापलेले जाडे. बीफ नूडलमध्ये रश्श्याचेही दोन प्रकार असतात, होंग-शाओ म्हणजे लालसर, मसालेदार, सोया सॉसचा, आणि छिंग-दुन म्हणजे पांढरा, नितळ. सर्दी झालेली असेल, तिखट हवं असेल तर पहिला.

च) पेयात गरम की थंड, गोड की बिनसाखर. काही न सांगितलं तर सोया दूध गोड येतं, आणि चांगलंच गोड.

काउंटरला जाण्याआधी एकदा तपासा: टेबल नंबर, इथं/पार्सल, आकडे, पेयाची खूण. चार सेकंद लागतात.

## ५. काउंटरवर

चिठ्ठी द्या, बीफची किंवा शाकाहाराची ओळ त्याच वेळी दाखवा, पैसे भरताना नाही. तोपर्यंत आतल्या माणसाला ओरडून ऑर्डर सांगून झालेली असते! काउंटरवरची मावशी तुम्हाला "देखण्या" किंवा "सुंदरी" अशी हाक मारेल, सगळ्यांनाच मारते, आपण हसून "श्ये-श्ये" (धन्यवाद) म्हणायचं.

अंदाज म्हणून सांगते, सोया दूध २५ ते ४० तैवानी डॉलर, दान-बिंग ३० ते ५०, साध्या दुकानातलं बीफ नूडल दीडशे ते अडीचशे. टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर नाणी ठेवून गेलात तर विसरलात समजून मागे पळत येतील.

काही नूडलवाले पैसे नंतर घेतात. पुढचा माणूस काय करतोय ते बघा आणि तसं करा. छापील पावती मिळाली तर टाकू नका, तिच्यावरच्या नंबराची सरकार दर दोन महिन्यांनी सोडत काढतं, विषम महिन्याच्या २५ तारखेला, आणि परदेशी माणसालाही बक्षीस लागू शकतं. अगदी छोटी दुकानं पावती देत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका.

हातात नंबर दिला तर तो चिनीत पुकारतात. ऐकू येईल याची खात्री नसेल तर काउंटरच्या नजरेसमोर बसा.

## ६. वाढून घ्यायचं ते आपणच

चॉपस्टिक, चमचे, सॉसच्या वाट्या एका कोपऱ्यात असतात, आपणच आणायच्या. काचेच्या कपाटात किंवा ट्रेमध्ये छोट्या बशा मांडलेल्या दिसतील, काकडी, समुद्री शेवाळ, टोफू, शेंगदाणे. त्या उचलून थेट टेबलावर घ्यायच्या, पण त्या फुकट नसतात. आधी पैसे भरायचे असतील तर बशी काउंटरवर दाखवून पुढे जा, नंतर भरायचे असतील तर रिकाम्या बशा टेबलावरच ठेवा, त्या मोजूनच हिशोब होतो. बशीतला पदार्थ मांसाच्या रश्श्यात मुरलेला आहे का ते ३ नंबरप्रमाणे बघा.

गर्दीत तुमच्या चौघांच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसेल. बसू द्या, इथं ते नेहमीचं आहे.

## ७. खाताना

नूडल सूप आलं की आधी नुसता रस्सा प्या, दोन चमचे. मग टेबलावरचं आंबवलेलं मोहरीच्या पाल्याचं लोणचं, स्वान-त्साय, थोडं घाला. लोक पहिल्याच मिनिटाला लोणचं, तिखट, व्हिनेगर सगळं ओततात आणि मग खारट झालं म्हणतात. लोणचं स्वतःच खारट असतं. नूडल्स आधी संपवा, रश्श्यात राहिले की फुगतात. फोटो एकच काढा.

सुर्रर आवाज झाला तर काही बिघडत नाही. चॉपस्टिक मात्र भातात किंवा नूडल्समध्ये उभ्या खोचून ठेवू नका, ते मृतांसाठी उदबत्ती लावल्यासारखं दिसतं.

खाऱ्या सोया दुधाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सुकी कोळंबी खाणारेसुद्धा ते "नासलंय" म्हणून परत करतात. नासलेलं नसतं, मुद्दाम फाडलेलं असतं. वाडग्यात तळाशी व्हिनेगर, सोया सॉस, लोणच्याचे बारीक तुकडे, कोळंबी, पात, आणि त्यावर उकळतं सोया दूध उंचावरून ओततात. ओतता ओतताच दूध फाटून मऊ गुठळ्या धरायला लागतं, वरून यो-थ्याओचे तुकडे आणि लाल तेलाचे थेंब. जोरात ढवळू नका, गुठळ्या मोडून पाणी होतं. चमच्याने कडेकडेने खा आणि लगेच खा, यो-थ्याओ कुरकुरीत आहे तोवरच मजा आहे.

## ८. उठताना

ट्रे आणि डिश परत ठेवायची जागा आहे का बघा. असेल तर उरलेलं अन्न, पुनर्वापराचा कचरा आणि बाकी कचरा असे वेगळे डबे असतात, त्यात नीट टाका. जागा नसेल तर टेबलावरच सोडा. रांग असेल तर खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नका.

## ९. पार्सल नेत असाल तर

नूडल सूप पार्सल मागितलं की रस्सा एका पिशवीत आणि नूडल्स दुसरीकडे असं बऱ्याचदा देतात. घरी पोचल्यावर एकत्र करा, आणि उकळता रस्सा असतो, पिशवीची गाठ वाडग्यातच सोडा. कापडी पिशवी आपली न्या.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: सकाळी फान-थ्वान आणि सोया दूध घेऊन मेट्रोत बसायचं आणि जाता जाता खायचं. ताइपेच्या मेट्रोत तिकिटाचं फाटक ओलांडल्यापासून खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटही नाही, आणि दंड १५०० ते ७५०० तैवानी डॉलर. बंद पिशवी हातात धरून न्यायला हरकत नाही. साध्या रेल्वेत आणि हायस्पीड रेल्वेत खाल्लेलं चालतं, म्हणजे शिनचूहून ताइपेला रेल्वेने येत असाल तर नाश्ता गाडीतच उरकून घ्या, मेट्रोच्या फाटकाशी पोचेपर्यंत ग्लास रिकामा झालेला हवा.